होनाजी, आणि बाळा

'होनाजी-बाळा' हें नांव उच्चारतांना आपल्याकडील सुशिक्षित वाचकहि पुष्कळदां एकाच व्यक्तीचें नांव घेत असतो. 'बाळा' हें बापाचें नांव असावें, किंवा आडनांव असावें, अशी कांहींतरी अंधुक समजूत त्याच्या मनांत असते. वस्तुतः हे दोन पुरुष होते. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. तो कवनें रची. बाळा करंजकर हा त्याचा मित्र; तो तीं गाई. कवनाच्या अखेरीस कर्त्याची मुद्रा घालण्याचा जो शाहिरी प्रघात आहे, त्यांत होनाजीनें आपल्या नांवाशेजारीं गाणाऱ्याचेंहि नांव घातलें. कवीनें आपल्या कीर्तींत गायकाला असा बरोबरीचा वाटा द्यावा, अशीं उदाहरणें कोणत्याहि वाङ्मयांत थोडींच सांपडतील. होनाजीचें हें औदार्य आपण रसिकांनीं मात्र राखलें नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

बाळाला एवढें महत्त्व कां द्यावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर लावणीच्या स्वरूपांतच आहे. लावणी कागदावर पुरी होत नाहीं. धृपद किती वेळां फिरवावयाचें, कोणत्या शब्दावर क्षणभर थांबावयाचें, झीलकऱ्यांनीं ओळ कोठें उचलावयाची, लय कोठें चढवावयाची, हें छापील पुस्तकांत कोठेंहि नसतें. शाहिरी कवनांतील यमकांची व अनुप्रासांची गर्दी डोळ्यांनीं वाचणाऱ्यास कंटाळवाणी वाटते. पण तींच कवनें मोठ्यानें म्हणून पाहावीं, म्हणजे तीं यमकें गळ्याच्या विसांव्यासाठीं बांधलेलीं आहेत हें ध्यानांत येतें. होनाजी लिहीत होता तो बाळाच्या गळ्यासाठीं. म्हणून या जोडीपैकीं एकाचा कागद आपल्या हातीं आला आणि दुसऱ्याचा आवाज हवेंत विरून गेला, तेव्हां आपल्याला निम्मेंच काव्य मिळालें असें म्हणणें भाग आहे.

हा हरपलेला आवाज ध्वनिमुद्रणगृहांत पुन्हां उभा करण्याचा सर्वांत गाजलेला यत्न म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९५१ सालचा 'अमर भूपाळी' हा चित्रपट. होनाजी १८४४ सालीं वारला असें मानतात. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनीं सामान्य श्रोत्याची या जोडीशीं ओळख झाली. संगीत वसंत देसाई यांचें. होनाजीची भूमिका व गाणीं पंडितराव नगरकर यांचीं. 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी या चित्रपटानें घरोघर नेली. १९५२ सालच्या कान येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला तोहि ध्वनिमुद्रणाबद्दल. ज्या गायकाच्या आवाजाचा एक स्वरहि आज कोणी ऐकलेला नाहीं, त्याच्या जोडीदाराच्या कथेला ध्वनिमुद्रणाचें पारितोषिक मिळावें, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

या भूपाळीची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. वसंत देसाई यांनीं वाद्यांचा फापटपसारा न करतां शब्दांना मोकळी जागा ठेवली आहे. नगरकरांच्या गळ्यांत मराठी नाट्यसंगीताचें वळण आहे, पण त्याचें प्रदर्शन नाहीं. तथापि एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. ध्वनिमुद्रिकेवर नगरकरांबरोबर जो दुसरा आवाज आहे तो लता मंगेशकर यांचा. तो आवाज अप्रतिम आहे यांत वाद नाहीं. वाद एवढाच कीं, ज्या जागीं मूळांत मित्र होता त्या जागीं आतां नायिका आली. दोन पुरुषांचें साहचर्य, एकानें रचावें आणि दुसऱ्यानें तें पेलावें असें कारागिरांचें नातें, चित्रपटाच्या पद्धतीनें प्रीतीच्या नात्यांत वितळून गेलें. श्रोत्यानें गाणें उचललें, होनाजीला मनांत ठेवलें, आणि बाळा हा होनाजीच्या नांवाची शेपटी होऊन राहिला.

याला एक सबळ आक्षेप आहे. फडावरील डफ-ढोलकीच्या जागीं तबला आणून लावणीला बैठकींत बसविण्याचें श्रेय होनाजीलाच देतात. मग ध्वनिमुद्रणगृह म्हणजे त्या बैठकीचेंच पुढचें रूप नव्हे काय? आक्षेप अर्धा खरा आहे. होनाजीला बारीक, ऐकण्याजोगें, रागदारीचें गाणें प्रिय होतें, आणि वसंत देसाईंचें काम त्याला परकें वाटलें नसतें. परंतु बैठकींतहि समोर माणसें असतात. तीं 'वाहवा' म्हणतात, एखादें कडवें पुन्हां मागतात, गाणाऱ्याला खुलवितात. त्या काळच्या तबकडीवर सुमारें तीन मिनिटांची जागा असे. आणि तीन मिनिटांत गाणें सांगतां येतें, खुलवितां येत नाहीं. बाळाची कला ही खुलविण्याची होती.

दुसरी गोष्ट समाजाच्या स्वीकाराची. होनाजीची प्रतिभा मुख्यतः शृंगाराच्या लावणींत रमलेली. पण आपल्या मध्यमवर्गानें त्याच्याकडून घेतली ती भूपाळी. पहाटे देवाला जागविणारा होनाजी घरांत आला, रात्रीं फड जागविणारा दाराबाहेरच राहिला. पुढें १९५६ सालीं म. वा. धोंड यांचें 'मऱ्हाटी लावणी' हें पुस्तक निघालें आणि लावणीचा विचार गंभीरपणें होऊं लागला. तरी सामान्य रसिकाची निवड बदलली नाहीं. गाणें स्वच्छ करून घेण्याच्या या खटाटोपांत गाणाराहि पुसला जातो. कारण भूपाळी कोणीहि म्हणावी, फडावरची लावणी मात्र बाळासारख्यानेंच पेलावी.

हा प्रश्न केवळ पेशवाईचा असता तर त्यासाठीं इतकी शाई खर्च केली नसती. आमच्या महाड-पोलादपूर भागांत हीच विद्या दुसऱ्या रूपानें जिवंत आहे. जाखडी नाचांत मध्यें शाहीर आणि वादक बसतात, भोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. शक्तीवाला आणि तुरेवाला असे दोन पक्ष समोरासमोर येतात. गण होतो, गवळण होते, मग सवालजवाब. शिव श्रेष्ठ कीं शक्ति, हा मुळांतला तंटा. येथें जोडी मित्रांची नसून प्रतिस्पर्ध्यांची आहे. पण तत्त्व एकच आहे, कीं गाणें दुसऱ्या माणसावांचून पुरें होत नाहीं. गिरणीकामगार होऊन मुंबईस गेलेल्या कोंकणी माणसानें ही बारी आपल्याबरोबर नेली, आणि गेल्या शतकांत परळच्या दामोदर नाट्यगृहांत तिचे सामने रंगत आले.

आतां या गाण्यांचेंहि ध्वनिमुद्रण होतें, आणि तें व्हावेंच. जें नोंदलें नाहीं तें बाळाच्या आवाजासारखें जातें. पण नोंद करतांना सवाल तेवढा घेऊन जवाब वगळला, किंवा शाहिराचें नांव घालून ओळ उचलणाऱ्या साथीदारांना 'आणि मंडळी' या दोन शब्दांत गुंडाळलें, तर होनाजी-बाळाच्या बाबतींत झालेली चूक आपण डोळसपणें पुन्हां करूं. त्या वेळीं यंत्र नव्हतें, ही सबब होती. आज तीहि नाहीं. सबंध बारी दोन्ही पक्षांसह मुद्रित करावी, आणि ढोलकीवाल्यापासून शेवटच्या झीलकऱ्यापर्यंत प्रत्येकाचें नांव तिच्यावर घालावें. याला फारशी विद्वत्ता लागत नाहीं. एका गवळ्यानें आपल्या मुद्रेंत मित्राला जी जागा दिली, तीच आपल्या नोंदींत या मंडळींना द्यावयाची आहे.