‘कोर्ट’मधील दाखल न झालेला दावा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. व्हेनिस महोत्सवातील दोन पारितोषिके, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारतातर्फे झालेली निवड यांमुळे तो आपल्या परिचयाचाही आहे. बहुतेकांनी त्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा चित्रपट म्हणून पाहिले. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप, आणि त्यावरून चाललेला कंटाळवाणा, तितकाच निर्दय खटला. हे पाहणे चुकीचे नाही. मात्र त्यात मेलेला मनुष्य मागे पडतो. त्याच्या मृत्यूबद्दल कोणाकडे तरी दाद मागावयास हवी होती. ती दाद चित्रपटात कोणीच मागत नाही.

फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असते. मृताची पत्नी केवळ साक्षीदार. पवारांची विधवा पिंजऱ्यात येते, तो प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. ती काही विशेष सांगावयास आलेली नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देते. नवरा कोणत्याही साधनाविना उतरत असे. आत विषारी वायू आहे की नाही हे पाहण्यासाठी तो आधी पाण्यात खडा टाकी; झुरळे बाहेर आली तर उतरावयाचे. दुर्गंधी सोसवावी म्हणून दारू पिऊन जाई. एक डोळा याच कामात गेला होता. इतक्या साध्या, कोरड्या उत्तरांनी आत्महत्येचा सारा बनाव कोसळतो. त्याच उत्तरांनी दुसरा एक खटला पूर्ण उभा राहतो: काम देणाऱ्याविरुद्धचा. परंतु तो खटला या न्यायालयाच्या पुढ्यात नाही, म्हणून तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. सरकारी वकीलबाईंच्या तर नाहीच. बचावाच्या वकिलांच्याही नाही. त्यांना अशील सोडवावयाचा आहे, आणि त्या दृष्टीने साक्ष उत्तम झाली आहे.

कायदा नव्हता असे नाही. प्राणघातक अपघातात मृताच्या पत्नीला, आईवडिलांना व मुलांना दोषी पक्षाकडून भरपाई मागता यावी, असा कायदा आपल्याकडे १८५५ पासून आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा लागू होता, आणि त्यात कंत्राटदाराआड लपलेल्या मूळ मालकावरही दायित्व येई. चित्रपट व्हेनिसला पोहोचण्यापूर्वी काही महिने, २७ मार्च २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता.

साक्षीनंतर वकील विनय व्होरा तिला मोटारीतून पोहोचवितात आणि पैसे देऊ करतात. ती ते नाकारते. काही काम असेल तर पाहा, म्हणते. या नकाराचे समीक्षकांनी स्वाभिमान म्हणून कौतुक केले. राज्य शासनाच्या सेवेत नस्त्या हाताळताना ‘सानुग्रह साहाय्य’ आणि ‘नुकसानभरपाई’ हे दोन शब्द प्रस्तुत लेखकाच्या लेखणीखालून असंख्य वेळा गेले. पहिल्यात देणारा मोठा होतो, दुसऱ्यात तो देणेकरी ठरतो. व्होरांच्या हातातले पैसे पहिल्या जातीचे आहेत. बाई सुशिक्षित नाही, पण हा भेद तिला कळतो. तिला जे देणे लागते, ते तिच्यापर्यंत कोणी आणीत नाही. अगदी सहृदय, विद्वान वकीलही नाही.

येथेच दिग्दर्शकाविषयी माझी तक्रार आहे. कॅमेरा व्होरांच्या गुजराती घरात जेवणाच्या टेबलापर्यंत जातो (वडोदऱ्याच्या वाचकांना ते संवाद विशेष रुचतील). तो सरकारी वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात जातो आणि त्यांच्याबरोबर परप्रांतीयांची टर उडविणाऱ्या नाटकालाही. पिढ्यान् पिढ्या परप्रांतीच नांदलेल्या आपणांस तेथला हशा निराळा ऐकू येतो. न्यायाधीशांच्या तर सुटीतील सहलीलाही तो हजर राहतो. विधवेला मात्र मोटारीतून उतरविल्यावर चित्रपट विसरतो. न्यायव्यवस्था तिला असेच विसरते, हे दाखविण्यासाठी ते केले, असा बचाव होऊ शकेल. मला तो पटत नाही. व्यवस्थेचे विस्मरण दाखवावयाचे, तर प्रेक्षकाला तिचे स्मरण राहील अशी एखादी खूण हवी. पुढे नवा गुन्हा, नवी अटक, नाकारलेला जामीन यांत कांबळेच पुन्हा केंद्रस्थानी येतात, आणि वासुदेव पवार हे नाव केवळ खटल्याचे निमित्त उरते. इतक्या काटेकोर चित्रपटात ही उणीव लहान नव्हे.

अशा विधवांनी प्रत्यक्षात दावे लावले आहेत. मुंबईत २०१९ मध्ये एका खासगी गृहसंस्थेच्या मैल्याच्या टाकीत तीन कामगार दगावले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये देण्यास शासनाला सांगितले आणि ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याची मोकळीक दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. या तिघींनी कोणाकडून अर्ज लिहवून घेतला असेल, कोणत्या कचेरीत किती वेळ तिष्ठत बसल्या असतील, याचा चित्रपट अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.