‘रीजनरेशन’मधील वाचा आणि संवाद

पॅट बार्कर यांची ‘रीजनरेशन’ (१९९१) ही युद्धविरोधी कादंबरी म्हणून ओळखली जाते. तिचा मूळ प्रश्न मात्र वाचेचा आहे. पहिल्या महायुद्धातील आघाताने मुक्या झालेल्या शिपायाला लंडनमधील डॉ. यीलंड विजेच्या झटक्यांनी बोलते करतात. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स अधिकाऱ्यांना दडपलेल्या आठवणी बोलून दाखविण्यास प्रवृत्त करतात. पहिल्या उपचाराने ध्वनी परत येतो, संवाद नव्हे. कारण रुग्णाने काय बोलावे हेही वैद्यच ठरवितो. दुसऱ्यात ऐकणारा आहे, म्हणून उच्चाराला अर्थ लाभतो.

परंतु हा भेद लेखिका अबाधित ठेवीत नाही. यीलंड यांचा उपचार पाहून आलेल्या रिव्हर्सना, आपण रुग्णाच्या तोंडात लगाम घालीत आहोत, असे स्वप्न पडते. १९१७ मध्ये युद्धाचा जाहीर निषेध करणारे कवी सीगफ्रीड ससून त्यांच्याच देखरेखीनंतर सेवेत परततात. सौम्य उपचाराचेही माप अखेर रणभूमीवर परतण्याची पात्रता हेच ठरते. रुग्णाला बोलते करणे वैद्यास साधते. त्याचे म्हणणे मान्य करणे सेनेच्या रुग्णालयास साधत नाही. कादंबरीचे सामर्थ्य या विसंगतीच्या निर्भीड दर्शनात आहे.