परकीय कर्जाची आकडेवारी : एक चिकित्सा
भारतीय रिझर्व्ह बँकेच्या परकीय कर्जविषयक आकडेवारीचा विचार करताना अभ्यासकांचा भर प्रामुख्याने कर्ज व स्थूल देशांतर्गत उत्पादन यांच्या गुणोत्तरावर असतो. मार्च १९९१ अखेर हे गुणोत्तर २८.७ टक्के, तर एकूण कर्जात अल्पमुदतीच्या कर्जाचा वाटा अवघा १०.२ टक्के होता. तथापि हेच अल्पमुदतीचे कर्ज परकीय चलनाच्या गंगाजळीच्या १४६.५ टक्के होते आणि त्याच वर्षी देशाला सोने गहाण ठेवावे लागले. शिवाय हे वर्गीकरण मूळ मुदतीवर आधारलेले आहे. परिणामी, फेडीस तीनच महिने उरलेले पाच वर्षांचे कर्जही दीर्घमुदतीचे ठरते. उर्वरित मुदतीचे कोष्टक बँक स्वतंत्रपणे देते. त्याकडे दुर्लक्ष करून काढलेला निष्कर्ष अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो.