चेहऱ्याचे अस्थिभंग आणि ‘पडणे’ हे सदर : एका जागतिक हिशेबाची चिकित्सा

‘इंजुरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात २०२० साली चेहऱ्याच्या अस्थिभंगांचा जगभरातील भार मोजणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. ‘जागतिक रोगभार’ या प्रकल्पाच्या २०१७ च्या सामग्रीवर तो आधारलेला आहे. त्याच्या हिशेबाप्रमाणे त्या एका वर्षात ७५,३८,६६३ नवे अस्थिभंग घडले. अशा दुखापतीसह जगणाऱ्यांची संख्या १८,१९,७३२ होती आणि त्यांपायी अपंगत्वात गेलेली वर्षे १,१७,४०२ भरली. वयोमान समायोजित केल्यावर नव्या अस्थिभंगांचे प्रमाण लाखामागे ९८ येते. मध्य युरोपात ते सर्वांत अधिक आहे आणि बहुतेक प्रदेशांत प्रमुख कारण ‘पडणे’ हे आहे. एकेका रुग्णालयाच्या तुटपुंज्या नोंदींवर विसंबून असलेल्या या विषयाला प्रथमच एवढा विस्तृत आधार मिळाला, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. शंका आहे ती शेवटच्या निष्कर्षाविषयी.

तत्पूर्वी आकड्यांचा परस्परसंबंध पाहणे उद्बोधक ठरेल. विद्यमान रुग्णांच्या संख्येस नव्या रुग्णांच्या संख्येने भागल्यास सुमारे ०.२४ येते, म्हणजे दुखापतीचा सरासरी काळ जेमतेम तीन महिन्यांचा धरला गेला आहे. अपंगत्वाच्या वर्षांना विद्यमान रुग्णांनी भागल्यास ०.०६५ च्या आसपास भार मिळतो. दातांची बिघडलेली ठेवण, गालावरील बधिरता, डोळ्याच्या खोबणीच्या भंगानंतर दिसणारी दुहेरी प्रतिमा, या गोष्टी तीन महिन्यांत संपत नाहीत. परंतु सरासरी ही सरासरीच असते, आणि नाकाचे साधे भंग संख्येने पुष्कळ असल्यामुळे हा दोष काहीसा क्षम्य मानता येईल.

कारणांच्या वर्गवारीचे तसे नाही. या प्रकल्पाच्या पद्धतीत एका अपघातातील एका व्यक्तीच्या अनेक दुखापतींपैकी सर्वांत गंभीर ठरणारी एकच दुखापत हिशेबात धरली जाते. दुहेरी मोजणी टाळण्यासाठी हा नियम आवश्यक आहे, हे मान्य. पण चेहऱ्याच्या बाबतीत त्याचा परिणाम एकांगी होतो. भरधाव दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या मनुष्याचा वरचा जबडा मोडतो तेव्हा पुष्कळदा मेंदूलाही इजा होते. अशा रुग्णाची गणना मेंदूच्या आघातात होते आणि त्याचा चेहरा हिशेबातून नाहीसा होतो. उलट न्हाणीघरात घसरून नाक मोडून घेणाऱ्या वृद्धाला बहुधा दुसरी गंभीर इजा नसते. त्याचा अस्थिभंग चेहऱ्याच्या खाती सुरक्षित जमा होतो. मोठ्या वेगाच्या आघातांना गाळणारी ही चाळणी आहे. तिच्यातून उरलेल्या राशीत ‘पडणे’ अग्रभागी दिसले, तर तो वस्तुस्थितीचा गुण किती आणि चाळणीचा किती, हा प्रश्न निबंधाने ऐरणीवर घ्यावयास हवा होता.

दुसरी गळती याहून अवघड आहे. रने ल फोर यांनी १९०१ साली प्रेतांच्या मस्तकांवर आघात करून वरच्या जबड्याच्या भंगरेषा निश्चित केल्या. प्रत्येक आघात कसा झाला हे त्यांना ठाऊक होते, कारण तो त्यांनी स्वतःच केलेला होता. केसपेपरवरील कारण मात्र रुग्ण सांगेल ते असते. आपल्याकडे मारहाणीची नोंद झाली की प्रकरण पोलिसांकडे जाते, हे रुग्णासही माहीत असते आणि सोबत आलेल्या नातलगांसही. नवरा उशाशी उभा असताना मोडक्या जबड्याची स्त्री ‘जिन्यावरून पडले’ म्हणते आणि तसेच लिहिले जाते. अशा प्रकारे मारहाणीचा काही अंश ‘पडणे’ या सदरात शिरतो. हा अंश मोजणे कठीण आहे. म्हणून तो शून्य समजणे योग्य नव्हे.

भारतीय रुग्णालयांच्या अभ्यासांत चित्र वेगळे दिसते. तेथे वीस ते चाळीस वयाचे पुरुष आणि रस्त्यावरील, विशेषतः दुचाकीचे, अपघात यांचे प्राबल्य आढळते. अर्थात हे अभ्यासही निर्दोष नाहीत. मोठ्या रुग्णालयांत गंभीर रुग्णच पाठविले जातात, त्यामुळे त्यांची चाळणी नेमकी उलट्या दिशेने चालते. सरकारी अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. पण पोलिसांच्या नोंदीत हाड कोणते मोडले ते नसते आणि रुग्णालयाच्या नोंदीत वाहन व हेल्मेट यांचा तपशील बहुधा अपुरा असतो. दोन्ही वह्या एकमेकींस भेटत नाहीत.

हा वाद केवळ गणिताचा नाही. कारण ‘पडणे’ ठरले तर उपाय वृद्धांच्या घरातील फरशी, कठडे आणि उजेड यांकडे वळतात. कारण रस्ता ठरले तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ च्या अंमलबजावणीकडे पाहावे लागते. आणि तेथेही केवळ डोके झाकणारी, हनुवटी उघडी ठेवणारी टोपी खालच्या जबड्यास वाचवीत नाही, एवढा बारकावा ध्यानी घ्यावा लागतो. कारण घरातील मारहाण असेल, तर फरशी आणि हेल्मेट दोन्ही गैरलागू आहेत. पुढील आवृत्तीत प्रत्येक रुग्णाच्या सर्व दुखापती घेऊन एक समांतर गणना करून पाहणे अशक्य नाही. निदान ज्या देशांत रुग्णालयीन नोंदींत सर्व निदाने संकेतांकांनी उतरविली जातात, तेथे तरी ती करता येईल. तोवर ‘पडणे’ या सदराचे अग्रस्थान तात्पुरते मानणेच युक्त होय.