तेरचा चिखल आणि तल्लीनता

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांचा ‘फ्लो’ (१९९०) हा ग्रंथ वाचताना आम्हांस धाराशिव जिल्ह्यातील तेरचे संत गोरा कुंभार आठवले. हातातील कामात पुरता बुडालेला माणूस काळाचे व स्वतःचे भान विसरतो, हे ग्रंथातील प्रतिपादन मार्मिक आहे. आख्यायिकेतील गोरोबांचे मात्र पाय चिखलात, चित्त विठ्ठलनामात. कामात ते नव्हतेच! रांगते मूल पायांखाली तुडवले गेले, तेही त्यांना कळले नाही. तल्लीनता विघातकही ठरू शकते, हे ग्रंथकार मान्य करतात. परंतु त्यांचा भर तल्लीन होणाऱ्याच्या अनुभवावरच राहतो. आख्यायिकेने पाणी घेऊन परतलेल्या आईचा आक्रोशही जपला आहे. आम्हांस तीच अधिक प्रामाणिक वाटते. मिस्सा अर्पिताना तान्हे बाळ रडले की पूर्वी आम्ही त्रासत असू. हल्ली क्षणभर थांबतो.