‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती आत्मत्यागाची कल्पना

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या ग्रंथाचा गौरव मुख्यतः त्यातील निर्व्याज निवेदनशैलीमुळे व विनोदामुळे झाला आहे. हा गौरव यथार्थच आहे. परंतु त्यामुळे ग्रंथाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न झाकला गेला. ईश्वराच्या अधिक जवळ जाण्यासाठी मनुष्याने नेमके काय सोडावयाचे, हा तो प्रश्न होय.

ग्रंथात त्यागाची तीन रूपे दिसतात. पहिले लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे. १८५७ च्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाल्यावर त्यांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला, त्याने सारे घर वेठीस धरले. बाहेरून आलेला जिन्नसही धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, अशी ती शिस्त. येथे निग्रह आहे, क्लेशही आहेत. परंतु ‘मी’ पणाचा त्याग नाही. उलट स्वतःच्या शुद्धतेभोवती उभारलेली ती तटबंदी आहे, आणि तिचा भार मुख्यतः इतरांच्या शिरावर पडतो.

दुसरे रूप रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला व पुढे १९१७ साली मिशनच्या वेतनाचा त्याग करून ख्रिस्ती संन्यास पत्करला. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करताना बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा उभय ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा त्यांचा हेतू होता. या संन्यासात गृहत्याग नव्हता. त्याग होता तो वेतनाचा व त्यासोबतच्या सुरक्षिततेचा. भक्तिपरंपरेतील वैराग्य आणि शुभवर्तमानातील आत्मनकार यांचा हा संगम अपूर्व खराच. तथापि टिळकांचे औदार्य केवळ संन्यासानंतरचे नाही. हाती आलेले देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती जन्मजात होती, आणि दिल्यानंतर चूल कशी पेटावयाची हा विचार पत्नीकडे राहत असे. दात्याच्या त्यागाची किंमत दुसऱ्याने मोजावी, ही विसंगती लक्ष्मीबाई लपवीत नाहीत.

याच ठिकाणी तिसरे रूप प्रकट होते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुनश्च एकत्र आल्यावरही त्यांनी आपला आचार निराळा राखला. पुढे विचारांती, जातिभेद हा ईश्वरनिर्मित नव्हे अशी खात्री पटताच, त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे त्यानंतरचा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. संस्काराने त्याग घडविला नाही. आधी घडलेल्या त्यागावर संस्काराची मुद्रा उमटली. वडिलांनी जे जिवापाड जपले, तेच कन्येने सोडले. आणि सोडले ते एखादी वस्तू नव्हे, तर स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जाणीव.

मार्काच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात शिष्याने नाकारावयाचे म्हणून सांगितले आहे ते स्वतःला. अन्न, वस्त्र वा धन यांना नव्हे. उपवास व अकिंचनता ही त्याची साधने. ती साध्य झाली की सोवळ्याचीच नवी आवृत्ती निघते. या कसोटीवर पाहता दुष्काळातील पोरक्या मुलांना घरात घेऊन त्यांना रांधून वाढणाऱ्या लक्ष्मीबाईंची साधना टिळकांच्या संन्यासाहून उणी ठरत नाही.

या ग्रंथातील विनोदाने टिळकांच्या आध्यात्मिक उंचीस बाध येतो, असा आक्षेप संभवतो. परंतु हा विनोद जितका पतीवर, तितकाच लेखिकेचा स्वतःवरही आहे. सोसलेल्याचा हिशेब मांडून पुण्य पदरात पाडून घेणे त्यांना सहज शक्य होते. त्या प्रसंगांचे हसे करून त्यांनी तो हक्क सोडून दिला. आत्मचरित्र हा स्वभावतःच ‘मी’ चा वाङ्मयप्रकार. त्यात ‘मी’ ला मोठेपणा नाकारणे, हा या ग्रंथातील अखेरचा आणि कदाचित सर्वांत अवघड त्याग होय. म्हणून ‘स्मृतिचित्रे’तील शैली व श्रद्धा यांचा विचार निरनिराळा करता येत नाही.