'हेमाडपंती' ही संज्ञा व बिनचुन्याच्या दगडी भिंती

चुन्यावांचून रचलेलें दगडी काम दिसलें कीं त्यास 'हेमाडपंती' म्हणून मोकळें व्हावयाचें, हा प्रघात वऱ्हाडांत व इतरत्रही रूढ आहे. स्थलवर्णनें व देवस्थानांच्या पुस्तिका यांत तो सर्रास आढळतो. आमच्या मतें तो दोन प्रकारें सदोष आहे. आणि त्याचा परिणाम नांवापुरता न राहतां वास्तूंच्या दुरुस्तीपर्यंत पोंचतो, सबब त्याची चिकित्सा अवश्य आहे.

पहिला दोष कालाचा. हेमाद्रि हा यादव महादेव (1261–1271) व रामचंद्र (1271–1311) यांचा श्रीकरणाधिप. अंबरनाथचें शिवालय याच वर्गांत घालण्यांत येतें. परंतु तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे हेमाद्रीपूर्वीं सुमारें दोनशें वर्षांचा आहे. उलटपक्षीं, शेताच्या बांधावर काल रचलेला गडगाही बिनचुन्याचाच असतो. तेव्हां चुन्याचा अभाव हें कालनिर्णयाचें साधन नव्हे.

दुसरा दोष रचनेचा. देवालयाचे चिरे घडीव असतात. त्यांची दरज घासून जुळविलेली असते, कोठें खाच व कूस यांनीं दगडास दगड अडकविलेला असतो. गडग्याचे दगड ओबडधोबड. त्यास दोन तोंडें, मध्यें लहान दगडांची भर, ठराविक अंतरानें भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, पोकळींत ठोकलेल्या चिपा, आणि वर जातांना कमी होत जाणारी रुंदी. दोहोंत खालच्या थराचा सांधा वरच्या दगडानें मोडलाच पाहिजे, एवढेंच साम्य. एक पाथरवटाच्या छिन्नीचें काम, दुसरें रचणाराच्या नजरेचें. दोहोंस एक नांव देणें म्हणजे ताम्रपट व बखर यांस एकच लेखी पुरावा मानण्यासारखें आहे.

आतां स्थलाचा विचार करूं. नांदुरें व मलकापूर यांच्यामधील वडनेर भोलजी हें गांव पायनघाटांत, पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत आहे. या पट्ट्यांत बांधकामाचा स्वाभाविक पदार्थ माती. वऱ्हाडांतील गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती प्रसिद्धच आहेत. दक्षिणेस घाट चढून बुलढाणें, चिखली, मेहकर या भागांत गेलें कीं खडक वर येतो, आणि शेतांतून वेंचलेला दगड बांधाच्या कामीं लागतो. सबब पायनघाटाच्या गांवीं जोत्यांत किंवा विहिरींत घडीव दगड आढळल्यास तो अन्य ठिकाणाहून वाहून आणलेला असावा असें प्रथम धरावें. त्यावर खाच असून शेजारच्या दगडास तिच्या जोडीची कूस नसेल, तर दगड जुना पण भिंत मागाहूनची, हें जवळजवळ सिद्ध झालें.

अशी परीक्षा दुरुस्तीपूर्वींच होऊं शकते. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते व पायास हालविते. कोरडी भिंत थोडी हलून पुन्हा बसते. तिच्या दरजांतून पाणी निघून जातें. त्याच दरजा सिमेंटानें बुजविल्या कीं पाणी मागें तुंबतें, भिंतीस पोट येतें व ती एकदम ढासळते. योग्य मार्ग म्हणजे दगडांवर अंक घालून पोट आलेला भाग पक्क्या थरापर्यंत उतरविणें व त्याच क्रमानें पुन्हा रचणें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही तटावर वाढणारीं झाडें कापण्याविषयीं सांगितलें आहे. भिंतीची निगा हें नित्यकर्म आहे, हा त्याचा अर्थ.

सन 2018 मध्यें युनेस्कोनें युरोपांतील आठ देशांची कोरड्या भिंती रचण्याची विद्या मानवाच्या अमूर्त वारशांत नोंदविली व 2024 मध्यें आणखी पांच देश त्यांत घेतले. त्या यादींत भारत नाहीं. सन 2025 मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत गेले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वडार व पाथरवट यांच्या हातांतील जी विद्या असे तट उभे ठेविते, तिची नोंद अद्याप व्हावयाचीच आहे.

पोथीचा लेखक मूळ पाठ न सांगतां बदलतो तेव्हां आपण त्यास दोष देतों. सिमेंटाची थापी तेंच करिते. भेद इतकाच कीं येथें ताडून पाहण्यास दुसरी प्रत मिळत नाहीं. तरी संग्राहकांनीं आपल्या गांवच्या भिंतींच्या दरजा, खाचा, आरपार दगड व रुंदी यांचीं मोजमापें, छायाचित्रें आणि रचणारांच्या तोंडचे शब्द दुरुस्तीपूर्वीं टिपून ठेवावे. व तोंवर 'हेमाडपंती' हा शब्द हात आखडूनच वापरावा.